घरातील बिनतारी जाळे : जागा, जोडणी आणि जबाबदारी

नळयोजनेचे पाणी गावच्या टाकीपर्यंत आले म्हणजे ते प्रत्येक घरच्या घागरीत आले असे होत नाही. टाकीपासून अंगणापर्यंतची नळी, तिचे सांधे आणि तोटी ही ज्याची त्याने नीट बसवून घ्यावी लागतात. ब्रॉडबँडची गोष्ट याहून निराळी नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा सांगे तालुक्यासारख्या डोंगराळ भागातील मुलांना ऑनलाइन वर्गासाठी मोबाइलच्या लहरी शोधीत टेकडीवर जाऊन बसावे लागले होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. ग्रामपंचायतींना काचतंतूंनी, म्हणजे ज्याला आपण फायबर म्हणतो त्याने, जोडण्याची राष्ट्रीय योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली व २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. सरकारी व खाजगी कंपन्यांच्या तारा आज पुष्कळ वाड्यांच्या दारापर्यंत येऊन ठेपल्या आहेत. परंतु दारापासून मुलाच्या अभ्यासाच्या टेबलापर्यंतचे जे शेवटचे वीस-तीस हात अंतर उरते, ते पार करण्याचे काम राउटर नावाच्या एका लहानशा पेटीवर सोपविलेले असते, आणि ती पेटी कोठे व कशी बसवावी याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

प्रस्तुत लेखक हा कला शाखेचा पदवीधर. यंत्रविद्येशी त्याचा संबंध बेताचाच. तथापि स्वतःच्या घरी झालेल्या चुकांतून जे शिकावयास मिळाले व जाणकारांना विचारून जे समजून घेतले, ते ग्रामस्थ, शिक्षक व कार्यालयीन बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

राउटर म्हणजे काय?

टपाल कार्यालयात गावची सारी पत्रे एका थैलीतून येतात आणि पोस्टमन ती पत्ता पाहून घरोघर वाटतो. राउटरचे काम नेमके हेच आहे. बाहेरून येणारी जोडणी एकच असते. घरात मात्र दोन मोबाइल, एक संगणक, एक दूरचित्रवाणी संच अशी अनेक साधने असतात. राउटर या प्रत्येक साधनाला घरापुरता एक पत्ता देतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. बाहेरून आलेला मजकूर ज्याने मागविला असेल त्याच साधनाकडे तो पोहोचवितो. ही वाटणी तारेने करता येते, तशीच बिनतारी लहरींनीही करता येते. या बिनतारी पद्धतीलाच वाय-फाय हे नाव आहे. तिचे पहिले जागतिक मानक १९९७ साली ठरले व वाय-फाय हे नाव १९९९ साली रूढ झाले.

फायबरच्या जोडणीत आणखी एक यंत्र लागते. काचतंतूतून येतो तो प्रकाश. त्याचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या यंत्रास ओएनटी म्हणतात. पुष्कळदा ओएनटी आणि राउटर एकाच पेटीत असतात. क्वचित त्या दोन निराळ्या पेट्या असतात. आपल्या घरी काय आहे हे जोडणीच्या दिवशीच तंत्रज्ञास विचारून ठेवावे, म्हणजे पुढे बिघाड झाल्यास कोणत्या पेटीकडे पाहावयाचे ते कळते.

लहरींचा स्वभाव

एके काळी घरी रेडिओ ठेवण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. वाय-फायला असा परवाना लागत नाही. भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वसाधारण वापरासाठी परवानामुक्त केला. आजचे बहुतेक राउटर या दोन्ही पट्ट्यांवर काम करतात.

आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते. म्हणून त्या डोंगर-झाडी ओलांडून दूरवर जातात. वाय-फायच्या लहरी मात्र अगदी आखूड. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या वितीहून कमी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे ६ सेंटिमीटर. त्यांची शक्तीही मर्यादित ठेवलेली असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती चौथाईवर येते. मध्ये भिंत आली तर ती त्याहूनही झपाट्याने घटते.

येथे आपल्या घरांचा विचार करणे अगत्याचे आहे. राउटरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात जे अंतर छापलेले असते, ते आपल्या चिऱ्याच्या घरात हाती लागत नाही. जांभ्या दगडाच्या दीड-दीड फूट जाडीच्या भिंती, त्यात पावसाळ्यात मुरलेली ओल, मधोमध राजांगण आणि चहूबाजूंनी खोल्या, अशी जुन्या घरांची रचना. पाणी हे या लहरी शोषून घेते. लोखंड त्यांना परत फिरविते. त्यामुळे पाण्याची टाकी, लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा हे चारही लहरींचे वैरी समजावेत. मायक्रोवेव्ह भट्टी २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालते. ती सुरू असताना शेजारच्या वाय-फायमध्ये व्यत्यय येतो.

दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून अधिक दूर जातो, पण त्याचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक, पण पल्ला थोडा. सबब, ज्या खोलीत राउटर आहे तेथे व लगतच्या खोलीत ५ चा पट्टा वापरावा, माजघरापलीकडे २.४ चा.

जागेची निवड

आमच्या घरी जोडणी झाली तेव्हा तंत्रज्ञाने तार जेथून आत आली तेथेच, म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यात, राउटर ठोकला आणि तो निघून गेला. मुलीची अभ्यासाची जागा मागील दारी स्वयंपाकघरालगत. तेथे चित्र थांबे, आवाज तुटे. आम्हांस वाटले, वेग कमी पडतो. म्हणून दरमहा अधिक पैसे भरून मोठ्या वेगाची योजना घेतली. आठ महिने पैसे भरले. फरक तिळमात्र पडला नाही. शेवटी शेजारी राहणारे एक निवृत्त गुरुजी एकदा घरी आले आणि म्हणाले, "अहो, टाकीत पाणी वाढवून काय उपयोग? तुमची नळीच भिंतीत अडली आहे." त्यांच्या सल्ल्याने पंधरा फूट तार वाढवून राउटर माजघराच्या दारावर उंच फळीवर ठेवला. त्याच संध्याकाळी मुलीचा वर्ग एकदाही न तुटता पार पडला, आणि पुढील महिन्यापासून आम्ही पूर्वीच्या स्वस्त योजनेवर परत आलो.

यावरून घ्यावयाचा बोध साधा आहे. राउटर घराच्या शक्य तितका मध्यभागी, जमिनीपासून पाच-सहा फूट उंचीवर, उघड्यावर ठेवावा. दाराच्या रेषेत ठेवल्यास लहरींना भिंतीऐवजी दाराची मोकळी वाट मिळते. कपाटात, दूरचित्रवाणी संचाच्या मागे किंवा पडद्याआड तो लपवू नये. शोभेसाठी त्यावर भरतकामाचे आच्छादन घालण्याची प्रथा काही घरी दिसते. तिने लहरी अडत नसल्या तरी यंत्र तापते आणि लवकर बिघडते. अँटेना असल्यास त्या उभ्या ठेवाव्यात. उभ्या अँटेनाच्या लहरी आडव्या दिशेने, म्हणजे त्याच मजल्यावर, पसरतात. माडीवरही लहरी हव्या असल्यास एक अँटेना आडवी करून पाहावी.

घर फारच लांब असेल तर दूरच्या टोकास दुसरा राउटर तारेने जोडणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. लहरी पकडून पुढे ढकलणारे बिनतारी साधनही बाजारात मिळते. परंतु ते जेथे लहरी संपतात तेथे न लावता, जेथे त्या अद्याप चांगल्या आहेत अशा मधल्या जागी लावावे. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो निरोप पुढे काय देणार?

जोडणीचा क्रम

पहिली गोष्ट फायबरच्या तारेविषयी. ती काचेची असल्याने तिला वाटीच्या घेरापेक्षा लहान वळण देऊ नये, खिळ्याने दाबू नये आणि तुटलेल्या टोकाकडे कधीही डोळा लावून पाहू नये. त्यातून जाणारा प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, परंतु अपाय करू शकतो. मुलांना हे आवर्जून सांगावे.

तार ओएनटीला जोडून वीज सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे. बहुतेक यंत्रांवर एलओएस असे लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल लागला अथवा लुकलुकू लागला, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. हा दोष घरातील वाय-फायचा नसून तारेचा होय, आणि त्याची तक्रार कंपनीकडेच करावयाची. लाल दिवा विझला असूनही इंटरनेट मिळत नसेल, तर राउटरमध्ये कंपनीने दिलेले वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द भरलेला आहे किंवा नाही हे पाहावे. एवढे ओळखता आले तरी तक्रार करताना आपले बोलणे नेमके होते आणि तंत्रज्ञाची एक फेरी वाचते.

राउटर स्वतंत्र पेटीत असल्यास ओएनटीची तार त्याच्या डब्ल्यूएएन असे लिहिलेल्या, बहुधा निराळ्या रंगाच्या, खाचेत जोडावी. उरलेल्या खाचा घरातील संगणकांसाठी असतात.

यानंतर राउटरच्या तळाशी चिकटविलेला कागद वाचावा. त्यावर जाळ्याचे नाव, त्याचा परवलीचा शब्द आणि राउटरचा पत्ता छापलेला असतो. हा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. मोबाइल त्या जाळ्यास जोडून, ब्राउझरमध्ये वर जेथे संकेतस्थळाचा पत्ता लिहितात तेथे हे आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत. मग राउटरचे स्वतःचे पान उघडते आणि तेथून पुढील सर्व व्यवस्था करता येते.

दोन कुलपे, दोन किल्ल्या

अनेकांचा घोटाळा होतो तो येथेच. राउटरला परवलीचे शब्द दोन असतात. एक वाय-फायचा, तो घरात येणाऱ्यास लहरी वापरू देतो. दुसरा व्यवस्थापनाचा, तो राउटरचे पान उघडून सारी व्यवस्था बदलू देतो. पहिला म्हणजे अंगणाच्या फाटकाची किल्ली, दुसरा म्हणजे तिजोरीची. पाहुण्यास फाटकाची किल्ली देण्यास हरकत नाही. तिजोरीची देऊ नये. कारखान्यातून आलेले दोन्ही शब्द पहिल्याच दिवशी बदलावेत आणि ते एकमेकांहून निराळे असावेत.

वाय-फायचा परवलीचा शब्द किमान ८ व कमाल ६३ अक्षरांचा असू शकतो. स्वतःचे नाव, जन्मतारीख, घर क्रमांक अथवा मोबाइलचा क्रमांक ठेवणे म्हणजे किल्ली उंबरठ्यावर ठेवून जाणे होय. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन लिपीत जोडून लिहावेत. उदाहरणार्थ माड, पंचांग, होडी, कंदील. ते लक्षात राहतात आणि कोणास सहज ओळखता येत नाहीत. मात्र येथे छापलेले चार शब्द कोणी उचलू नयेत. ते आता सर्वांना ठाऊक झाले आहेत!

सुरक्षिततेचा प्रकार निवडताना डब्ल्यूपीए-३ असल्यास तो, नसल्यास डब्ल्यूपीए-२ निवडावा. हे प्रकार अनुक्रमे २०१८ व २००४ सालापासून प्रचारात आहेत. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार २००१ सालीच निकामी ठरला आहे, तो टाळावा. डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद ठेवावी. तिच्यातील आठ अंकी आकड्याची पद्धत कमकुवत असल्याचे २०११ मध्ये उघड झाले. पाहुण्यांसाठी निराळे जाळे काढण्याची सोय बहुतेक राउटरमध्ये असते. चतुर्थीला किंवा घरच्या लग्नकार्याला माणसे जमतात तेव्हा तीच वापरावी.

उघड्या दाराचा धोका

"आमच्या घरात चोरण्यासारखे आहे काय?" असा प्रश्न पुष्कळदा ऐकू येतो. त्याचे उत्तर २००८ सालच्या घटनांनी दिले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका घडली. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तमाध्यमांना एक ई-मेल आला. तपासात असे आढळले की, तो नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या कुलूप नसलेल्या वाय-फाय जोडणीतून पाठविला गेला होता. त्याच वर्षी असेच आणखी ई-मेल मुंबईतील दुसऱ्यांच्या जोडण्या वापरून पाठविले गेले. ज्यांचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, त्यांच्या दारी तपास येऊन थांबला; कारण कंपनीच्या नोंदीत जोडणी त्यांच्या नावे होती. पुढे २००९ साली केंद्राच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्यासंबंधी सेवा कंपन्यांना सूचना काढल्या.

दुसरी घटना ऑक्टोबर २०१६ मधील. मिराय नावाच्या एका घातक प्रणालीने जगभरातील हजारो कॅमेरे व राउटर आपल्या ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. हे तिने कसे साधले? कारखान्यातून आलेले सुमारे साठ परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाहिले, एवढेच. मालकांनी ते बदलले असते तर ती दारे तिला उघडली नसती.

आज जोडणी ज्याच्या नावावर, प्रथम चौकशी त्याचीच. म्हणून शेजारधर्म पाळताना थोडा विवेक हवा. शेजारच्या विद्यार्थ्यास अभ्यासासाठी वाय-फाय द्यावे, अवश्य द्यावे. परंतु ते पाहुण्यांच्या जाळ्यातून आणि कोणास दिले हे लक्षात ठेवून द्यावे. वर्षातून दोनदा परवलीचा शब्द बदलावा आणि राउटरच्या पानावर जोडलेल्या साधनांची यादी पाहावी. अनोळखी नाव दिसल्यास त्याच दिवशी शब्द बदलावा. तेथेच राउटरची अंतर्गत प्रणाली अद्ययावत करण्याची सोय असते. तीही अधूनमधून तपासावी. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

वेग कसा मोजावा?

कंपनीच्या पत्रकातील वेग मेगाबिटमध्ये असतो. आपण उतरवून घेतो त्या चित्रफितीचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे ४० मेगाबिट वेगाच्या जोडणीतून सेकंदास फार तर ५ मेगाबाइट येतात. हे न कळल्याने कंपनीने फसविले असा समज होतो. वेग मोजताना प्रथम संगणक तारेने राउटरला जोडून मोजावा, नंतर त्याच वेळी अभ्यासाच्या जागी वाय-फायवर मोजावा. तारेवर वेग पुरेसा आणि वाय-फायवर कमी असल्यास दोष जागेचा. दोन्हीकडे कमी असल्यास दोष बाहेरचा. आठ महिन्यांपूर्वी आम्ही हे दोन आकडे लिहून काढले असते तर तेवढे पैसे वाचले असते.

पावसाळ्यातील काळजी

वैशाखातील वळवाचा पाऊस आणि त्याबरोबरच्या विजा आपल्याकडे यंत्रांचा नाश करतात. काचतंतूतून वीज वाहत नाही, हे खरे. परंतु राउटर घरच्या विद्युतपुरवठ्यास जोडलेला असतो आणि बाहेरून येणाऱ्या काही तारांत आधारासाठी पोलादी तारही असते. म्हणून आभाळ गडगडू लागताच राउटरचा प्लग काढून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. वीज वारंवार जात असल्यास राउटरसाठी मिळणारी लहान बॅटरी घ्यावी. मात्र ती राउटरच्या मागे लिहिलेल्या व्होल्टचीच, बहुधा १२ व्होल्टची, असावी. राउटर रात्रंदिवस चालू ठेवण्याचा खर्चही फार नाही. १० वॉटचे यंत्र महिनाभर अखंड चालले तरी ७ युनिटांच्या आसपास वीज लागते.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या घराचा नकाशा कागदावर काढावयास सांगावे आणि प्रत्येक खोलीत मोजलेला वेग त्यात लिहावयास लावावा. भूमिती, विज्ञान आणि घरची सुधारणा ही तिन्ही एकाच कागदावर साधतील. त्या कागदाच्या मागे राउटर कोणत्या दिवशी बसविला, परवलीचे शब्द कधी बदलले आणि तक्रारीसाठी कंपनीचा क्रमांक कोणता, एवढे लिहून तो कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटवावा. परवलीचे शब्द मात्र त्यावर लिहू नयेत. घरातील जाणता मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेला, तरी मागे राहिलेल्या आजी-आजोबांना तो कागद पाहून तक्रार नोंदविता येईल, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याशी चित्रासह बोलताही येईल.